मला दिसणारा मेन्यू

एका बाईंना मी सगळ्यांसमोर चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आणि ती माझी आहे हे कळल्यावरही मी बरेच आठवडे गप्प राहिलो. हे गप्प राहणं मला त्या वाक्यापेक्षा जास्त छळतं.

आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून एक मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम चालवतो. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज गेला, त्यांनी कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करायचं आणि प्रोग्रॅमने ते मोठ्याने बोलायचं. मराठी आवाजाची फाईल मात्र वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती नसेल तर प्रोग्रॅमही मुकाच.

वेबसाइट माझ्याकडे होती. वर्षानुवर्षं जो तो आपलं पान तिच्या मेन्यूत घुसडत गेला होता. मी रजा टाकून तो पसारा आवरला, सारखी पानं एकत्र केली, जुनी काढली. गटात कौतुक झालं. "आमच्याकडचं कपाटही आवरून द्या, बायको दुवा देईल," असं एकाने लिहिलं. मी खूश होतो.

ज्या सॉफ्टवेअरवर ही वेबसाइट उभी आहे, त्यात मेन्यूतली प्रत्येक नोंद कोणाला दिसावी हे ठरवता येतं. नव्या आवाजाची चाचणी चालू होती, म्हणून 'मराठी आवाज' ही नोंद मी फक्त आमच्या गटापुरती ठेवली. चाचणी संपली, पण नोंद सगळ्यांसाठी खुली करायची राहून गेली. आम्ही सगळे कायम लॉग-इन केलेले, त्यामुळे आम्हाला ती रोज दिसायची. बाहेरच्या कोणी तक्रार केली नाही, याचा अर्थ सगळ्यांना सापडतंय असा मी घेतला.

मग वारज्याच्या एका बाईंनी वेबसाइटच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर विचारलं, "मिस्टरांचं ऑपरेशन झालंय. प्रोग्रॅम घेतला, पण मराठी आवाज कुठे मिळेल?"

"मेन्यूत आहे," मी लिहिलं.

"सर, मेन्यूत नाही. शेजारच्यांनाही दाखवलं. कृपया फाईल पाठवता का? घाई आहे."

फाईल पाठवायला कितीसा वेळ लागला असता? मी वेबसाइट उघडली. नोंद माझ्या समोर होती. मी लिहिलं, "डावीकडून तिसरी. तरी दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. शेजाऱ्यांचाही."

गटातल्या दोघांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले. बाईंनी पुन्हा लिहिलं नाही.

पुढे एका रुग्णालयात आवाज गेलेल्यांना शिकवणाऱ्या बाईंनी मला प्रोग्रॅम दाखवायला बोलावलं. त्यांच्याच कॉम्प्युटरवर मी वेबसाइट उघडली आणि म्हणालो, "इथून मराठी आवाज घ्यायचा."

"कुठून? अहो, इथे तर काहीच नाही."

खरंच नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी लॉग-इन केलेलं नव्हतं.

"म्हणूनच आमचे पेशंट परत येऊन सांगतात, चालत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यांनाच जमत नाही."

मी तिथेच लॉग-इन करून नोंद खुली केली. एका ठिकाणी खूण बदलायची होती, बस. मला वारज्याच्या बाई लगेच आठवल्या, पण मी त्यांना कळवलं नाही. माझं उत्तर होतं तिथेच, हसऱ्या चेहऱ्यांसकट राहू दिलं. झाकून गेलं असं समजलो, पण झोप लागेना. शेवटी त्यांना ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं: "आता गरज नाही. ते गेले." मी भेटायला येऊ का विचारलं. "या," एवढंच आलं.

दार त्यांनीच उघडलं. "चहा घेणार?"

"नको."

"घ्या. नाही म्हणायला एवढ्या लांब आलात का?"

त्यांचं मूळ गाव वऱ्हाडात. सासूबाई तिथेच असतात आणि त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. फोनवर मुलाचा आवाज येईना, तेव्हा मुलगा गेला आणि सून लपवतेय, असं त्यांनी धरून ठेवलं.

"मी सांगायची, अहो आई, हे इथेच बसलेत. तर म्हणायच्या, मग बोलू दे की त्याला. हे फोनवर टकटक करायचे. त्या म्हणायच्या, ते तूच करतेस."

लहानपणी मिस्टरांनी एकदा म्हैस सोडून दिली होती आणि मार थोरल्या भावाने खाल्ला होता. हे फक्त मायलेकांनाच माहीत. आईला खूण पटावी म्हणून ते त्यांनी प्रोग्रॅममध्ये टाइप करून ठेवलं होतं.

"मी वाचून दाखवलं आईंना. तर म्हणाल्या, जायच्या आधी तुला सांगून गेला असेल."

"मशीनच्या आवाजाने त्यांना पटलं असतं?"

"कोण जाणे. पण ह्यांनी मला लिहून दिलं होतं, एकदा मला बोलू दे, तू मध्ये नको."

मी म्हणालो, "ताई, मी चुकलो."

"इथे सोफ्यावर बसून म्हणणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात ते चारचौघांत. ह्यांनी वाचलं ते. मी परत विचारणार होते, तर पाटीवर लिहिलं, राहू दे. आता जिथे बोललात, तिथेच म्हणा."

घरी येऊन मी लिहायला बसलो. गटातल्या एकाला आधी सांगितलं, तर तो म्हणाला, "जुनं कशाला उकरतोस? ते पानच काढून टाक." मी काढलं नाही. माझ्या उत्तराखाली माझ्या नावाने हे लिहिलं:

"ताई, 'मराठी आवाज' ही नोंद तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. ती मी आमच्यापुरती ठेवली होती आणि खुली करायला विसरलो होतो. तुम्ही खरं सांगत होतात. मी बाहेरून एकदाही न बघता तुमचा अपमान केला, आणि चूक कळल्यावर गुपचूप दुरुस्त करून तुम्हाला कळवलं नाही. तुमच्या मिस्टरांना आईशी बोलायचं होतं. ते माझ्यामुळे राहिलं. मी तुमची आणि त्यांच्या आईची माफी मागतो."