परत मागवलेली वाटी

नव्या रबराचा वास आला की ती दुपार आठवते. मी कसबा पेठेत खेळण्यांच्या दुकानात कामाला होतो. भाच्याला खेळायला दिली होती तसल्या सगळ्या रबरी वाट्या कंपनीनं परत मागवल्या. नाकातोंडावर चिकटून मुलं गुदमरतात म्हणे. लगेच खडकीला ताईला फोन करून वाटी काढून घ्यायला सांगितलं. पण फोनवर दुसऱ्यांचे आवाज काढून तिला फसवायची माझी शाळेपासूनची खोड! ती हसली, "आज कंपनीचा साहेब का? कालचा गॅसवाला बरा होता रे." तिनं फोन ठेवला, परत उचलेचना. स्कूटर पळवली. भाचा चटईवर, वाटी तोंडावर घट्ट, पाय झाडत होता. मी ती ओढून काढली. तो रडला. ताई आतून धावत आली. मला काहीच वाटत नव्हतं. दुकानात द्यायची म्हणून वाटी खिशात टाकली. आता मी फोनवर साधाच बोलतो, तरी ताई प्रत्येक वाक्याला विचारते, "खरं ना रे?"