खांबावरची रेंज

भैय्याजी उमाट्यांचे गुडघे आता त्यांच्याआधी बोलतात. जुन्या मोटरसायकलवरून उतरले की आधी गुडघा कटकन वाजतो, मग भैय्याजी "हं" करतात आणि मग कामाला लागतात. समुद्रपूर तालुक्याच्या टोकाला कपाशीचं शिवार संपून सागाची टेकाडं सुरू होतात. उमरधरा आणि आसपासची चार-पाच गावं तिथेच आहेत आणि भैय्याजी त्या सगळ्यांचे लाईनमन. हे काम ते इतक्या वर्षांपासून करताहेत की लोक आता विजेला त्यांच्याच नावाने ओळखतात. लाईट गेली की "भैय्याजी गेले", आली की "भैय्याजी आले". माणूस बिचारा घरी भाकर मोडत बसलेला असतो.

या कामात जिवाची गोष्ट एकच. अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात लावण्याआधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करायचा आणि लाईन बंद करून घ्यायची. याला परमिट म्हणतात. काम आटोपून माणूस खाली उतरला की दुसरा फोन, आता चालू कर. या दोन फोनांच्या मध्ये लाईनमन जिवंत असतो. आणि उमरधऱ्याच्या शिवारात फोनच लागत नाही, घ्या! रेंज मिळते ती थेट मारुतीच्या टेकडीवर. म्हणजे टेकडीवर जाऊन बंद करायला सांगा, परत येऊन खांबावर चढा, काम करा, उतरा आणि चालू करायला सांगायला पुन्हा टेकडी गाठा. पूर्वी मदतनीस होता, तो या चकरा मारायचा. तो रिटायर झाला आणि त्याची जागा अजून रिकामीच आहे.

मागच्या दिवाळीला आकांक्षा, त्यांची पोरगी, नागपूरहून आली. ती तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बापाची ही धावपळ बघून तिने त्यांच्या फोनमध्ये एक अॅप टाकून दिलं.

"बाबा, हा लोकायनं लोकायसाठी केलेला नकाशा हाये," ती म्हणाली. "फोन खिशात ठेवून तुमी फक्त फिरा. रेंज कुठं किती भेटते ते फोन आपोआप टिपते अन् नकाशावर ठिपका पडते. नकाशा कोणाच्या मालकीचा नाई, कोणालेही पाहता येते. टॉवर पाहिजे त पुरावा लागन ना? तुमच्याइतकं शिवार कोण हिंडते?"

भैय्याजींना ते पटलं. टॉवर आला तर त्या टेकडीचं तोंड पाहायला नको, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं, आणि सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा तो बांधाबांधाने, नाल्यानाल्याने फिरवला. रात्री बायको, सुलोचनाबाई, पायाला तेल लावताना विचारायची, "आज पडले का ठिपके?" भैय्याजी म्हणायचे, "पडले असतीन बाप्पा." मग तसेच झोपून जायचे.

सरपंच शकुंतलाबाईंनी ग्रामसभेचा ठराव करून मोबाईल कंपनीकडे टॉवर मागितला. काही महिन्यांनी त्या स्वतःच भैय्याजींच्या अंगणात येऊन टेकल्या.

"भैय्याजी, कंपनीवाले नाई म्हणतेत. तुमच्या शिवारात रेंज हाये म्हणतेत. नकाशात हिरवीगार दिसून राह्यली."

"कोणत्या नकाशात?"

"तोच तो, तुमच्या पोरीचा."

तेवढ्यावर भागलं असतं तर भैय्याजींनी नशिबाला दोन शिव्या घातल्या असत्या आणि पुन्हा टेकडी धरली असती. पण तो नकाशा वीज ऑफिसातल्या साहेबांनीही पाहिला. घरी बसून परमिट घेतात आणि काम दुसऱ्याकडून करवून घेतात, अशी दुसऱ्याच कोण्या लाईनमनबद्दलची तक्रार त्यांच्याकडे आधीच आली होती. त्यांनी फर्मान काढलं, टेकडीवर जायची नाटकं बंद. परमिटचा फोन कामाच्या जागेवरूनच लागला पाहिजे, आणि तो कुठून लागला ते ऑफिसात दिसतं. भैय्याजींनी सांगून पाहिलं, की साहेब, तिथं रेंज नाही. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. पडद्याशी काय भांडणार? भैय्याजी उठून आले.

आकांक्षा सुट्टीवर आली तेव्हा बापलेक नकाशा उघडून बसले. हिरवे ठिपके होते खरे. पण ना रस्त्याने, ना पांदणीने. सारखं अंतर सोडून, सरळ ओळीत, शेतं कापत गेलेले. आकांक्षाला काही उमगेना. भैय्याजींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे त माहे खांब होत."

मग उलगडा झाला. सागाच्या वर डोकं निघालं की तिथे रेंज येते. भैय्याजी खांबावर चढले की खिशातला फोन थरथरायचा आणि सकाळपासूनचे सगळे मेसेज एकदम ओकायचा. तेवढ्यात तो ठिपकाही टाकून द्यायचा. खाली आले की पुन्हा मुका.

"अन् खाली हिंडलो त्याचं काय?"

आकांक्षाचं तोंड उतरलं. "त्याचं काईच नाई, बाबा. रेंज असन तरच ते नोंद करते. नसन तिथं नकाशा कोरा राह्यते. म्हणजे तिथं कोणी गेलंच नाई असं वाटते."

वर्षभर ऊन डोक्यावर घेऊन हिंडलेला माणूस, आणि नकाशा म्हणतो इथे कोणी आलंच नाही! त्यांना राग यायला हवा होता, पण रागाला अंगात त्राण लागतं. त्यांना नुसता थकवा आला, हाडापर्यंत.

"चुकी माही हाये," आकांक्षा म्हणाली. "मी विचारच नाई केला. रेंज नाई त 'नाई' लिहून घेणारं दुसरं अॅप हाये. पण सगळे खांब पुन्हा घ्या लागतीन, खाली बुडाशी उभं राहून."

"पुन्हा सगळे?"

"मी येतो ना संगं," पोरगी म्हणाली.

म्हणून रविवारी दोघं निघाले. खांबाच्या बुडाशी उभं राहायचं, आकांक्षाने नोंद करायची, पुढे जायचं. चार-पाच खांब झाले नाहीत तोच बांधावरून सदाशिवराव हाका मारत आले. त्यांच्या ओलिताची मोटर बंद पडली होती. भैय्याजींनी मान वर केली. शेजारच्या खांबावर तारेला तार जोडणारा तुकडा, ज्याला जंपर म्हणतात, जळून लोंबत होता.

"रविवारीच तुटते हे," भैय्याजी म्हणाले. त्यांनी गाडीवरून दोर काढला, कमरेला पट्टा बांधला आणि चढायला लागले. गुडघा वाजला तो खालीही ऐकू आला. आकांक्षाला वाटलं, फोन आधीच झाला असेल. अर्ध्याच्या वर गेल्यावर, तारा डोक्यापासून दोन-अडीच हातांवर असताना ते थांबले, पट्ट्यावर भार टाकला आणि एका हाताने खिशातून फोन काढला.

"बाबा! लाईन बंद हाये ना?"

"थांब ना बाई, तेच त सांगून राह्यलो."

आकांक्षाला कळलं, टेकडी बंद झाल्यापासून बंद करायचा फोनही वरूनच लागत होता. वर बाप ऑपरेटरशी, नीलेशशी, निवांत बोलत होता. फिडरचं, म्हणजे त्या लाईनचं, नाव सांगितलं, खांबाचा नंबर सांगितला, मग नीलेश लाईन बंद करून येईपर्यंत तसाच जिवंत तारेखाली फोन कानाला लावून लटकून राहिला. तिला ओरडायचं होतं, पण ओरडल्याने त्यांचा तोल गेला तर? ती तोंडावर ओढणी दाबून उभी राहिली.

लाईन बंद झाली. भैय्याजी वर सरकले, उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारी साखळी तारेवर टाकली, जंपर बसवला, साखळी काढली आणि पुन्हा फोन केला.

"नीलेश, झालं. परमिट वापस. पण दमानं चालू कर, मी उतरतो तवरिक."

खाली पोरीच्या लक्षात आलं. चालू कर म्हणायलासुद्धा रेंज वरच होती. भैय्याजी उतरायला लागले. दोर एका ठिकाणी अडकला. त्यांनी तो झटकला, निघेना. गुडघा वाकेना. आकांक्षाने नीलेशला थांब म्हणायला स्वतःचा फोन वर धरला. त्यावर रेंजची एक काडीसुद्धा नव्हती. तिने नुसता फोन हातात गच्च धरला आणि बापाच्या पायांकडे बघत राहिली. दोर सुटला. एक पाय, मग दुसरा. चप्पल मातीला लागली, भैय्याजींनी पट्टा सोडला, खांबापासून चार पावलं लांब येऊन बांधावर बसले आणि म्हणाले, "हं."

थोड्याच वेळात सदाशिवरावांची मोटर घुरघुरली. "आली, आली!" ते तिकडून ओरडले.

आकांक्षा बापाशेजारी खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. भैय्याजींना तिचं रडणं समजेना. त्यांनी तेलकट हात शर्टाला पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

"काऊन रडतं? उतरलो ना."

"रोज असंच करता तुमी, बाबा?"

"रोज कुठं," भैय्याजी म्हणाले, "लाईन बिघडते तवाच."