आईचा जांभळा स्वेटर

पोरांसोबत मनालीला जायचं ठरलं, म्हणून गरम कपड्यांसाठी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात आईचा जांभळा स्वेटर हाताला लागला.

मी पंधरा वर्षांचा होतो. लातूरच्या घरी मे महिन्यात महाबळेश्वरचा बेत चालला होता. आईनं त्यासाठी हा स्वेटरसुद्धा घेऊन ठेवला होता. मी म्हणालो, "आईला नको. ती गाडीत ओकती, लई लाज वाटती." ताई खिदळली. बाबांनी तीनच तिकिटं काढली.

"हाव, जा तुम्ही. म्हशीला कोण बघंल?" म्हणत आईनं वाटेसाठी दशम्या बांधल्या. त्या आम्ही घाटात माकडांना टाकल्या.

परतल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमची माय भर उन्हात स्वेटर घालून अंगणात बसली होती!"

आम्ही पोट धरून हसलो. आईही हसली.

स्वेटरच्या गळ्यापाशी तिच्या घामाचा पांढरा डाग अजून आहे.