रडू नाही तर पैसे नाहीत

लातुरात पोरांना रडवून पैसे घेणारे क्लासवाले गल्लोगल्ली आहेत, पण रडू आलं नाही तर दमडीही घेणार नाही अशी हमी देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो म्हणजे माझे साडू. नांदेडच्या एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. डीजे आले, बँड मोडला, ढोलवाला रिक्षा चालवू लागला. आमच्या साडूंनी मात्र शोध लावला की डीजेवर लोक नाचतात, रडत नाहीत. तेव्हा लग्नातली पाठवणीची तेवढी दहा मिनिटं आपली. "वरात डीजेला द्या, पाठवणी मला. नवरीचा बाप रडला तरच पैसे," असा त्यांचा ठराव असायचा.

आदल्या दिवशी नवरीच्या घरी चहा पिता पिता ते चौकशी करायचे, पोरीला कोणत्या आत्यानं सांभाळलं, धाकटा भाऊ कितपत हळवा आहे. मग पाठवणीला बरोबर त्या आत्याच्या कानाशी उभे राहून सूर लावायचे. "एक आत्या फुटली की समदा मांडव फुटतो. बाप किती दम धरंल?" धर्माबादला एकदा नवरदेवच हमसून रडला, तेव्हा ह्यांनी वरपक्षाकडंही बिदागी मागितली. मिळालं मिरच्यांचं पोतं. त्या मिरच्यांनी पुढं वर्षभर आमची दोन्ही घरं रडत होती.

पण दुसऱ्यांच्या रडण्यावर घर चालेना. यंदा मेव्हणीनं सांगूनच टाकलं, "चाकूरच्या लग्नाचे पैसे आले तर वाजवा बापडे. न्हाई आले तर सोमवारपासून माझ्या भावाच्या खताच्या दुकानात बसायचं, लातूरला." मी गंमत बघायला मुद्दाम चाकूरला गेलो. आत्या फुटली, मांडव फुटला, आचारीसुद्धा डोळे पुसू लागला. बाप मात्र ढिम्म. साडू घामाघूम. शेवटी बाप आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, म्या रडलो तर पोरगी गाडीत बसनार न्हाई. कवाचा दाबून राहिलो. कायतरी हसरं वाजवा." साडूंनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि चक्क हळदीची नाचरी चाल सुरू केली. नवरी रडता रडता हसली, गाडीत बसली, गेली.

मांडवातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. बाप एका खुर्चीत येऊन बसला. म्हणाला, "आता वाजवा." साडूंनी वाजवलं, आणि तो माणूस उपरणं तोंडात धरून ढसाढसा रडला. शांत झाल्यावर त्यानं खिशात हात घातला, तर आमचे साडू क्लॅरिनेट पुसत म्हणतात, "ठराव पाठवणीचा व्हता, मालक. पाठवणीत तुमी रडला न्हाईत." मी त्यांना कोपरानं ढोसून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

सोमवारी ते दुकानात बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याइतका मोठा माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही असंही वाटत होतं. आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा दुकानात जाऊन म्हटलं, "साडूभाऊ, पाठवणीला तुम्हीच." त्यांनी खताचं पोतं खाली ठेवलं आणि गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "रडनार का पन?"

मी हसत उत्तर द्यायला गेलो आणि मला रुमालच काढावा लागला.