दाराचं लाकूड

"उचल. डोक्यावर घे अन् चाल ऑफिसात."

जंगलखात्याचा बीटगार्ड असं म्हणाला तेव्हा सालेकशाचा बाजार भरला होता. माझ्या पायाशी सागाचा ओंडका. मघापर्यंत तो बैलबंडीवर होता. बंडीवाला आमच्याच गावचा. खाकी कपडे दिसताच त्यानं ओंडका खाली ढकलला. "माही बंडी जप्त होईन, बाई," एवढंच बोलला आणि बैल वळवून निघून गेला.

साग माझा होता. माझ्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात गावात सरकारी गाडीतून रोपं आली होती. "लावा, जगवा, झाडं तुमचीच," साहेब भोंग्यावरून सांगत होते. मी आणि नवऱ्यानं लावली. उन्हाळ्यात बोडीतून, गावच्या लहान तळ्यातून, पाणी आणून घातलं. मग एका वनमहोत्सवात मला मंचावर बोलावून शाल-नारळ दिला, फोटो काढला. तो फोटो भिंतीवर होता. नवरा नाही राहिला.

घरात मी एकटी. दार वाळवीनं खाल्लं, तिथं पोतं टांगलेलं. एकट्या बाईच्या घराला पोत्याचं दार असलं की काय होतं, ते बायांना सांगावं लागत नाही. विळा उशाशी घेऊन झोपायची. झोपायची कसली, पोतं हललं की उठून बसायची. अशात वादळानं एक साग आडवा झाला. वाईट वाटलं. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. चला, दार झालं, म्हटलं. आपलं पडलेलं झाड न्यायलाही परवानगी लागते, हे रोपं देणाऱ्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"माह्या वावरातला आहे जी. वादळानं पडला. सुताराकडे नेऊन राहिली."

"परवानगी कुठाय? खात्याच्या हातोड्याचा छाप कुठाय?"

"छाप कायले? मीच तर लावला होता."

तो हसला. बाजाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "देखो, ये लोग जंगल खा गए! पकडलं की वावरातला म्हणतेत. जन्माचे चोर."

माझ्यासोबत मोहफुलं वेचायला येणाऱ्या बाया तिथंच होत्या. एक खाली मान घालून वांगी निवडू लागली. मी पदराची चुंबळ केली, ओंडका डोक्यावर घेतला आणि निघाले. लोक बाजूला होऊन वाट देत होते, मयताला देतात तशी. इतकं एकटं मला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चहाच्या टपरीपाशी त्यानं मोबाईल काढला. "थांब. इकडे पाह. मालासंगं चोराचा फोटो पाहिजे."

मला शालीचा फोटो आठवला. त्यातही मी अशीच उभी होते, सांगतील तिकडे बघत. अंगातून आग गेली. ओंडका मी तिथंच टाकला.

"उचल!"

"नाही उचलत. लाकूड सरकारचं असन त सरकारनं उचलावं. माहं असन त मी घरी नेईन."

त्यानं शिव्या दिल्या. केस करीन म्हणाला. कर, म्हटलं. ओंडक्यावर बसून राहिले. बाजार उठला तरी कुणी माझ्याजवळ येऊन उभं राहिलं नाही. शेवटी जीप आली. दोन माणसांनी वाकून, कण्हत माझं दार गाडीत घातलं.

ओंडका अजून ऑफिसच्या आवारात पडून आहे. दर बाजाराला मी जाते, त्याच्यावर बसते. शिपाई हाकलतो. पुढच्या बाजाराला पुन्हा जाते.

यंदा रोपांची गाडी परत आली. नवे साहेब गोड बोलले, "बाई, नवी योजना आहे. तुमचा धुरा चांगला, अजून साग लावा."

"पयले माहं दार आणून द्या. तवरीक माह्या वावरात तुमचं एक रोप लागत नाही."

गाडी गेली. मी भिंतीवरचा फोटो उतरवून चुलीत घातला. सरपंचानं पत्र्याचं दार देऊ केलं, तेही नको म्हटलं. पोतं तसंच आहे आणि विळाही उशाशी आहे. या घराला दार लागेल ते त्याच ओंडक्याचं.