बुजलेला खड्डा

गेल्या आठवड्यात स्पर्धेत समोर बास्केट मोकळी होती, तरी आमची सानिका चेंडू आपटत जाता जाता मध्येच उजवीकडे वळली आणि चेंडू गमावून बसली. त्या गुळगुळीत मैदानावर तिथं काहीच नव्हतं. खड्डा होता तो आमच्या मैदानात, नेमका त्या जागी. लग्नाच्या मांडवाचा खांब दरवर्षी तिथंच रोवतात. मी हौसेनं शिकवणारा, सहा वर्षं ओरडत आलो, "पोरींनो, खड्डा सांभाळा!"

"सर, पाय आपोआप वळला हो," सानिका रडत म्हणाली.

जपून चालायला शिकलेलं माणूस मोकळ्या रस्त्यावरही जपूनच चालतं. मग मी शिकवलं तरी काय?

दुसऱ्याच दिवशी सिमेंट कालवून खड्डा बुजवला. आता तो पक्का वाळलाय. मी घसा फोडून ओरडतोय, "सरळ जा गं, सरळ!" आणि एकेक पोर त्या जागेला वळसा घालून जातेय.