मालूबाईच्या मुठीतल्या दोन बिया

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. राजधानी खुशाल कुठंही जावो, निंबोला गावाचं एरंडेल निघायचं ते मालूबाईच्याच चुलीवर. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची आणि वर आलेलं तेल पळीनं काढून घ्यायचं. गावातल्या बाळंतिणीला पाचव्या दिवशी तिच्याच हातचं एरंडेल, हे चाळीस वर्षं ठरलेलं.

त्या सकाळी उखळापाशी तिला दोन बिया सापडल्या. तिनं त्या उन्हात धरल्या. एरंडी चकचकीत, अंगावर ठिपके. कुंपणाला लावतात त्या मोगली एरंडाची बी दिसायला तशीच, पण काळी, बिनठिपक्यांची. आणि तिचं तेल पोटात गेलं की माणूस ओकून ओकून आडवा होतो. मालूबाईला एक बी ठिपक्यांची वाटली, एक काळी. पुन्हा बघितलं तर ठिपके दुसरीवर. तिसऱ्यांदा बघितलं तर दोन्ही काळ्या. आता घ्या! तेल तर कालच शेजारच्या कोकिळाकडे पोचलेलं, आणि आज तिचा पाचवा दिवस.

मालूबाई तशीच पळाली. कोकिळा वाटी तोंडाला लावणार, तेवढ्यात हिनं ती ओढून घेतली आणि गटकन पिऊन टाकली.

"आधी मी घेते," ती धापा टाकत म्हणाली. "मला ओकारी झाली तर तू थेंबही घेऊ नको."

बिया कुणालाही दाखवता आल्या असत्या. पण मग डोळे गेल्याचं गावभर झालं असतं, आणि आंधळीच्या हातचं एरंडेल कोण पिणार? म्हणून मूठ झाकलेलीच.

ती कोकिळाकडेच बसून राहिली आणि दुपारपर्यंत तिनं चारदा तांब्या उचलला. पण त्यावरून कळणार काय, कपाळ? पोट तर दोन्ही तेलं झाडतात. ढेकर आली की वाटे, झालं, आली ओकारी. ती काही येईना, आणि जीवही थाऱ्यावर येईना. पाळण्यातलं बाळ कुरकुरलं तसं तिला राहवेना. तिनं मूठ उघडली.

"कोकिळा, यातली काळी कोणती गं?"

कोकिळानं बिया उलटसुलट केल्या. "मालूमाय, दोन्हीवर ठिपके हायेत. काळी यात हायेच नाई."

म्हणजे तेल चोख होतं. मालूबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं चाचपत बाटली घेतली, वाटी भरली आणि कोकिळाच्या हातात दिली.

"पी आता," ती म्हणाली. "आणि पुढच्या साली बिया तू निवड. मी नुसत्या भाजून देईन."